केडगावच्या माळावर, १९००

साल १९००. मे महिना. तुम्ही केडगाव स्टेशनच्या फलाटावर उभे आहात. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या जी. आय. पी. रेल्वेवरचं हे लहानसं स्टेशन. गेल्या साली पावसाने दगा दिला, आणि आता रुळांच्या दोन्ही अंगांना नजर पोचेल तिथवर जमीन भेगाळलेली आहे. गाडी थांबते. डब्यातून मुली उतरतात. उतरतात कसल्या, उतरवल्या जातात. बरोबरच्या बाया एकेकीच्या काखेत हात घालून तिला खाली घेतात, कारण पायरी उतरायचं बळ पायांत उरलेलं नाही. दहाची वाटलेली मुलगी चौदाची निघते.

या गुजरातेतून आल्या आहेत. तिकडे या दुष्काळाला छप्पनियो म्हणतात, विक्रम संवत १९५६ चा म्हणून. गुजरात एरवी सुकाळाचा मुलूख. दुष्काळ कसा काढायचा याची तिथे कुणाला सवयच नव्हती, त्यामुळे माणसंही फार गेली आणि गोठेच्या गोठे रिकामे झाले. मागे राहिल्या अशा मुली, ज्यांना आता ना आई ना बाप. सडकेवर, दुष्काळी कामाच्या छावणीत त्या कुणाच्या हाती लागतील याचा नेम नाही. मुलींवर टपलेली माणसं अशा छावण्यांभोवती घिरट्या घालतच असतात. त्यांच्या हाती पडण्याआधी या मुलींना गाठावं, म्हणून केडगावहून बाया तिकडे पाठवलेल्या होत्या.

त्यांच्या मागोमाग चालत तुम्ही मुक्ती सदनाच्या आवारात शिरता. शंभरेक एकरांची ही जागा. चार-पाच वर्षांपूर्वी घेतली तेव्हा इथे काही नव्हतं. संत्री, लिंबं, आंब्याची झाडं लावायची आणि त्या उत्पन्नावर पुण्याचं शारदा सदन, विधवांसाठीची शाळा, चालवायचं, एवढाच बेत होता. तो बेत दुष्काळाने मोडला. आता बागेच्या कडेने छपरं आहेत, तंबू आहेत, अर्धवट बांधलेल्या भिंती आहेत, आणि सगळीकडे माणसं. वर्ष संपेपर्यंत इथल्या बायका-मुलींची संख्या दोन हजारांच्या घरात जाईल.

एका छपराखाली आलेल्या मुलींना ओळीने बसवतात. आधी केस कापायचे, कारण उवांनी डोकी चिघळली आहेत. कात्री दिसताच एक मुलगी किंचाळते. डोकं भादरणं म्हणजे काय हे तिने गावात पाहिलेलं आहे, तिला वाटतं आपल्याला विधवा करताहेत. कात्री धरलेली बाई थांबते आणि स्वतःच्या डोक्यावरचा पदर मागे सारते. तिचेही केस असेच तीन वर्षांपूर्वी, मध्य प्रांतातून आली तेव्हा कापले होते. ते आता खांद्यावर आलेत. ती मुलीचा हात धरून आपल्या वेणीला लावते. मुलगी गप्प होते. मग आंघोळ, मग जखमांना तेल, मग पेज.

पेज वाटीत नाही, चमच्याने. उपाशी पोटात एकदम अन्न गेलं तर माणूस दगावतो, हे इथे सगळ्यांना पाठ झालंय. शिवाय बहुतेकींचं तोंड आलेलं, गिळवत नाही. "जरा दमानं, बाय. पुन्हा देणार आहे," चमचा धरलेली बाई म्हणते. मुलीला मराठी कळत नाही, सूर कळतो. दुसरीच्या मुठीत काहीतरी आहे. बाई मूठ उघडू पाहते, ती घट्ट आवळून धरते. गाडीत मिळालेला भाकरीचा तुकडा आहे तो, वाळून लाकूड झालेला. तो काढून घेऊ नये, असं दारातून कुणीतरी खुणेने सांगतं.

दारात उभ्या आहेत त्या पंडिता रमाबाई. वय बेचाळीस. ठेंगणा बांधा, पांढरं लुगडं, आखूड कापलेले केस. ऐकायला कमी येतं, म्हणून बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत ऐकतात. त्या मुलीजवळ जमिनीवर बसतात. त्या मुठीकडे त्या इतक्या वेळ का बघतात हे कळायला तुम्हाला आणखी पंचवीसेक वर्षं मागे जावं लागेल.

तिथे, दक्षिणेतल्या एका गावात, एक मुलगी शेजारणीच्या दारात उभी आहे. अनंतशास्त्री डोंगरे यांची धाकटी लेक, रमा. आईने शिकवलेलं भागवत तिला तोंडपाठ आहे. वडील उपासमारीत गेले. आता आई अंथरुणाला खिळली आहे आणि खायला मागते आहे. रमा भाकरीचा तुकडा मागायला आली आहे, पण मागणं जन्मात माहीत नाही. शब्द फुटत नाही, नुसतं पाणी वाहतंय डोळ्यांतून. शेजारीण समजते आणि बाजरीच्या भाकरीचा तुकडा हातावर ठेवते. रमा धावत घरी येते. आईला तो खाता येत नाही. आई जाते. तिरडीला खांदा द्यायला माणसं पुरत नाहीत, म्हणून ही मुलगी पुढे होते. उंची पुरत नाही, तेव्हा ती आपली बाजू डोक्यावर घेते.

बहीणही गेली. उरला भाऊ श्रीनिवास. दोघं पायी हिंडत थेट काश्मीरच्या वाटेला लागली. झेलमच्या काठी थंडीच्या रात्री पांघरूण नाही, तेव्हा दोघांनी वाळूत खड्डे केले आणि मान तेवढी बाहेर ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली. त्या खड्ड्याच्या कडेला तुम्ही बसा आणि ऐका. प्रार्थना ऐकू येत नाही. या घराने तीर्थं केली होती, व्रतं केली होती, असेल नसेल ते दानात दिलं होतं. त्यांची श्रद्धा खोटी नव्हती. पण या दोन भावंडांची मात्र त्या वाटेवर श्रद्धा सुटत गेली, हे रमाबाईंनी पुढे स्वतः लिहून ठेवलं.

मधली वर्षं भराभर ओलांडू या. १८७८ साली कलकत्ता, 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या, सत्कार. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न, आणि दोन वर्षं पुरी व्हायच्या आत पटकीने तेही गेले. तेविसाव्या वर्षी विधवा, मांडीवर मनोरमा. पुण्यात आर्य महिला समाज काढून १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि तिथे वाँटेजच्या भगिनींच्या मठात राहिल्या. त्या भगिनी लंडनमध्ये वाट चुकलेल्या बायकांसाठी घर चालवत. ज्यांना समाज दारात उभं करत नाही अशांची सेवा या बाया का करतात, असं रमाबाईंनी विचारलं, तेव्हा त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची आणि येशूची गोष्ट वाचायला दिली. योहानाच्या शुभवर्तमानातली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. बाप्तिस्म्याने त्यांचं मन लगेच शांत झालं नाही. त्या मठातल्या गुरुभगिनींशी त्या शिकवणीवरून वाद घालत राहिल्या, आणि आपल्याला धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळायला आणखी आठ वर्षं लागली अशी साक्ष त्यांनी पुढे दिली. म्हणजे १८८९ साली, पुण्याला हलण्याआधी, मुंबईत शारदा सदन उघडलं तेव्हाही त्या आतून शोधतच होत्या. संकटात प्रार्थना आपोआप सुचते असं आपण समजतो. रमाबाईंना ती शिकावी लागली, आणि शिकायला कितीतरी वर्षं गेली. ज्यांना आज प्रार्थना जमत नाही म्हणून अपराधी वाटतं, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता तुम्ही १८९७ च्या मे महिन्यात पुण्यात आहात. शहरात प्लेग आहे. घरोघर गोरे सोल्जर शिरताहेत. मध्य प्रांतातल्या दुष्काळातून रमाबाईंनी सुमारे तीनशे बायका-मुली आणल्या आहेत, आणि अधिकाऱ्यांनी सांगितलंय की इतकी माणसं शहरात ठेवता येणार नाहीत. त्यांना घेऊन केडगावच्या मोकळ्या माळावर जावं लागलंय. त्यातच संस्थेतली एक मुलगी प्लेगच्या दवाखान्यात नेली गेली, ती परत आली नाही. ती कुठे गेली हे कुणी सांगत नाही. तुम्ही रमाबाईंच्या टेबलाशी उभे राहा. त्या पत्र लिहिताहेत. बॉम्बे गार्डियन या वृत्तपत्रात ते छापून येईल. प्लेगच्या व्यवस्थेत बायकांची कशी विटंबना होते हे त्यात उघड लिहिलेलं आहे, आणि मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट त्यावर चिडून ते खोटं ठरवायला बघतील.

लक्षात घ्या, या वेळेला पुण्यात त्यांच्या बाजूचं कुणी राहिलेलं नाही. सदनातल्या मुलींच्या धर्मांतराच्या वादावरून १८९३ सालीच सल्लागार मंडळाने शारदा सदनाशी संबंध तोडलेत, अनेक पालकांनी मुली काढून नेल्यात, केसरीने झोड उठवलेली आहे. आता सरकारही नाराज. तो धर्मांतराचा वाद खोटा नव्हता, दोन्ही बाजूंनी मनं दुखावली होती, आणि आजही मराठी घरांत तो निघाला की आवाज चढतात. मला मात्र त्या टेबलाशी उभं राहिल्यावर एवढंच दिसतं: सगळीकडून एकटी पडलेली एक बाई गुडघे टेकून उठली आहे आणि हरवलेल्या एका मुलीसाठी सत्ताधाऱ्यांना जाब विचारते आहे. प्रार्थनेने माणूस सोशिक होतो, गप्प बसतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे दृश्य पाहावं.

परत केडगावला, १९०० च्या त्याच दिवसाकडे. ऊन उतरलंय. कोठीत पाहा. जोंधळ्याची पोती मोजकी आहेत आणि खाणारी तोंडं रोज वाढताहेत. मुक्तीला ठरलेलं, बांधील असं उत्पन्न नाही. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलर यांनी कुणापुढे हात न पसरता, फक्त प्रार्थनेवर हजारो अनाथ मुलं सांभाळली, हे रमाबाईंनी वाचलेलं आहे. तोच मार्ग त्यांनी धरलाय. पैशाची गरज आधी देवाला सांगायची. पण हिशेबाच्या वह्या उघडून बघा, त्या काटेकोर आहेत. बागेत काम, मागावर काम, जात्यावर काम, शाळा. अंग धरलेली प्रत्येक मुलगी कशाला तरी हात लावतेच. प्रभू पुरवतो, असं इथली बाई म्हणते तेव्हा ती हातातलं सूप खाली ठेवत नाही.

विहिरीकडे जा. मोटेचा आवाज बंद झालाय, कारण तळ लागलाय. दिवसभरात माणसं, गुरं, बांधकाम या सगळ्यांनी पाणी उपसून घेतलं. गाळात बोटभर पाणी आहे. काठावर तीन-चार बाया उभ्या आहेत. त्यातली एक वाकून बघते, कपाळाला हात लावते, आणि तिथेच बसून मोठ्याने प्रार्थना करू लागते. पाठ केलेली प्रार्थना नाही ही. घरच्या माणसाशी बोलावं तशी ती बोलते: सकाळी पोरींना प्यायला काय देऊ, तूच सांग. बाकीच्या आमेन म्हणतात आणि घागरी उचलतात.

सकाळी त्या विहिरीत पाणी साचलेलं असतं. संध्याकाळी पुन्हा तळ, सकाळी पुन्हा पाणी. त्या सबंध उन्हाळ्याची ही आठवण महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती घरांत अजून सांगतात. झरा जिवंत असला की रात्रीत पाणी चढतं, हे विहिरीवर वाढलेल्या कुणालाही ठाऊक आहे, आणि ते त्या बायांनाही ठाऊक होतं. पण पंचक्रोशीतले झरे मरत असताना आपला उद्या जिवंत असेल की नाही हे कुणालाच माहीत नव्हतं. ती रात्र त्यांनी कशाच्या आधाराने काढली, हे तुम्ही आत्ता त्यांच्या शेजारी उभं राहून पाहिलंत. पुढे आवारात आणखी विहिरीही खोदल्या गेल्या.

रात्री घंटा होते. मुली अंगणात जमतात. सगळ्यांना इथली गाणी येत नाहीत, कित्येकींना भाषाच येत नाही. रमाबाई पवित्र शास्त्रातला एक भाग वाचतात आणि सोप्या मराठीत समजावून देतात. मग प्रार्थना. आज आजारी असलेल्यांची नावं एकेक करून घेतली जातात. ही यादी लांब आहे. तुम्ही अंधारात मागे उभे आहात, आणि मला तुमच्यापासून काही लपवायचं नाही: त्या यादीतल्या सगळ्या वाचणार नाहीत. दुष्काळातून आणलेल्या मुलींपैकी कितीतरी इथे आल्यावरही गेल्या. शरीरं फार खचलेली होती. रोज प्रार्थना होत होती आणि रोज कुणीतरी जात होतं. पण सडकेच्या कडेला जाणं आणि कुणीतरी नाव घेऊन हात धरलेला असताना जाणं यात फरक आहे, आणि तो मला फार मोठा वाटतो.

मुठीत भाकरी धरलेली ती मुलगी कुणाच्या तरी मांडीवर झोपली आहे. मूठ अजून मिटलेलीच.

१९०५ मध्ये फार थांबायला नको, कारण त्या वर्षाबद्दल बरंच लिहिलं गेलंय. वेल्समध्ये धार्मिक जागृती झाल्याचं ऐकून जानेवारीत रमाबाईंनी मुलींना विचारलं, रोज वेगळं बसून प्रार्थना कोण करील? सत्तरेक पुढे आल्या, आणि जूनपर्यंत शेकड्यांनी बसू लागल्या. जूनच्या अखेरीस रात्री सभागृहात शिरलात तर कानठळ्या बसतील. शेकडो मुली एकाच वेळी, मोठ्याने, रडत, आपापल्या शब्दांत बोलताहेत. ज्यांनी आई-बाप, भावंडं गमावली आणि त्यावर कधी रडायलाही वेळ मिळाला नाही, त्या मुली आहेत या. बाकी जगाने त्या आवाजाचे काय अर्थ लावायचे ते लावले. मला त्यात पाच वर्षं साठून राहिलेलं दुःख ऐकू येतं, आणि ते कुणाजवळ मोकळं करायचं हे त्यांना सापडलं याचा आनंद वाटतो.

शेवटचा मुक्काम १९२१ चा जुलै. हा अवघड आहे. रमाबाई आता त्रेसष्ट वर्षांच्या आहेत, कान जवळजवळ गेलेले. त्यांच्या पुढ्यात हिब्रू आणि ग्रीकच्या पोथ्या, कोश, आणि मुक्तीच्या छापखान्यातून आलेली प्रुफं. सबंध पवित्र शास्त्र खेड्यातल्या बाईलाही वाचून कळेल अशा मराठीत आणायचं, हे काम त्यांनी पंधरा-सोळा वर्षांपूर्वी हाती घेतलं. त्यासाठी उतारवयात त्या या भाषा शिकल्या. संस्था पुढे मनोरमा बघणार हे ठरलेलं होतं. तिनेच अंधांसाठी ब्रेल आणलं, गुलबर्ग्याला मुलींची शाळा उभी केली, आईचा पत्रव्यवहार सांभाळला. २४ जुलैला मनोरमा गेली. चाळीस वर्षांची.

वडील, आई, बहीण, भाऊ, नवरा, आणि आता ही. तुम्ही त्यांच्या खोलीच्या दारात उभे आहात. आत जाऊ नका. आत काय प्रार्थना झाली हे कुणालाच माहीत नाही, आणि ती त्यांचीच राहू दे. आपल्याला बाहेरून जे दिसतं ते इतकंच, की पुढच्या दिवसांत प्रुफं पुन्हा टेबलावर आली आणि तपासून खाली छापखान्यात गेली. तब्येत ढासळत होती. काम संपवण्यापुरते दिवस त्यांनी देवाकडे मागून घेतले, असं मुक्तीत सांगतात. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या.

भाषांतर १९२४ साली छापून पुरं झालं. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या, कागद ओढणाऱ्या, बांधणी करणाऱ्या मुक्तीतल्याच बायका होत्या, दुष्काळातून आणि विधवापणातून आलेल्या, इथेच अक्षर गिरवलेल्या.

आता तुम्ही परत या. मुक्ती मिशन आजही केडगावला आहे, बायका-मुलं अजून तिथे राहतात, शिकतात. पुण्याहून दौंडच्या गाडीने सहज जाता येतं, एकदा जाऊन या. आणि तुमच्या मंडळीत, तुमच्या चाळीत, सोसायटीत कुणी दवाखान्याच्या बिलाने, नोकरी गेल्याने, घरातलं माणूस गेल्याने खचून बसलं असेल, तर 'तुम्हाला प्रार्थनेत ठेवतो' एवढं फोनवर सांगून थांबू नका. आज संध्याकाळीच त्यांच्या घरी जा, शेजारी बसा, त्यांचं नाव घेऊन प्रार्थना करा, आणि निघण्याआधी घरात पीठ-मीठ आहे ना, तेही विचारा.